घरी बनवायचं सीएनसी भरतकाम मशीन: त्याच सांगाड्यावर क्विल्टिंगही जमेल का?

सुईदोरा_१०

सरळ टाक्याचं, ओतीव लोखंडाचं जुनं घरगुती मशीन हाताशी आहे. सुईपासून खांबापर्यंत १६५ मिमी जागा. त्यावर एक्स-वाय सांगाडा (दोन आडव्या दिशांना सरकणारा) बसवून रिंग, म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट, संगणकाच्या हुकमाने (सीएनसी) हलवायची, असा बेत आहे. ठरवलेलं सामान: नेमा १७ आकाराच्या स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) दोन, जीटी२ दातेरी पट्टा, २० दात्यांच्या पुल्या, अर्डुइनो उनो या नियंत्रक बोर्डावर जीआरबीएल (मोटरा हलवणारा प्रोग्राम), २४ व्होल्टचा पुरवठा. डिझाइन इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये इंक/स्टिच ही भरतकामाची जोड वापरून.

तीन गोष्टी अडल्यात.
१. कापड हलणं आणि सुई खाली येणं यांचा मेळ कसा घालायचा? मशीनला सध्या पेडलवाली साधी एसी मोटर आहे.
२. १६५ मिमीमध्ये रिंग किती मोठी बसेल?
३. नंतर याच सांगाड्यावर क्विल्टिंग (गोधडीसारखे थर एकत्र शिवणं) करता येईल का, की वेगळं काही लागेल?

---

अर्धाफेरा

तुमचा पहिला प्रश्न सुटला की बाकीचं सुतारकाम. भरतकामात सुई कापडात असताना कापड हलता कामा नये. म्हणून आधी हे मोजा: हातचाकावर ३६० अंशांची कागदी तबकडी चिकटवा, प्लेटवर भरायचं कापड बॅकिंगसकट (खाली लावायच्या आधाराच्या थरासकट) ठेवा आणि चाक हाताने फिरवा. सुईचं टोक कापडातून सुटतं तो अंश आणि पुन्हा टेकतं तो अंश लिहून घ्या. सुई बाहेर असण्याचा काळ निम्म्या फेरीहून कमीच निघतो. हिशेबाला १४० अंश धरू.

मिनिटाला ३०० टाके म्हणजे एक फेरी २०० मिलिसेकंदांची. त्यातले १४० अंश म्हणजे ७८ मिलिसेकंद. एवढ्यात रिंग ४ मिमी सरकून थांबली पाहिजे. अर्धा वेळ वेग वाढवायचा, अर्धा वेळ कमी करायचा असं धरलं तर त्वरण सेकंदवर्गाला सुमारे २६०० मिमी येतं. हेच ६०० टाक्यांना करायचं तर वेळ उरतो ३९ मिलिसेकंद आणि त्वरण लागतं साधारण १०,५००. वेग दुप्पट, पण जोर चौपट. रिंग आणि सरकता भाग मिळून १.२ किलो असेल तर ३ न्यूटनचं काम साडेबारावर जातं, घर्षण वेगळंच. पहिल्या मशीनला ३०० च्या वर जायचा हट्ट धरू नका.

जीआरबीएलचे आकडे: १.८ अंशाची मोटर, १६ मायक्रोस्टेप (मोटरच्या एका पावलाचे १६ भाग) आणि २० दाती पुली म्हणजे मिमीला ८० स्टेप. त्वरण ३००० ठेवलं तर ४ मिमीचा टाका ७३ मिलिसेकंदांत बसतो. ७ मिमीच्या टाक्याला मात्र ९७ लागतात, म्हणजे रिंग अजून सरकतेय तोवर सुई खाली आलेली असते. त्यामुळे डिझाइनमध्येच टाक्याची कमाल लांबी ४ मिमी ठेवा. त्याहून लांब उडी असेल तिथे सुई वर थांबवणं भाग आहे.

आता मेळ. एसी मोटर तशीच ठेवायची तर मुख्य शाफ्टवर सेन्सर हवाच. हातचाकाला छोटं चुंबक आणि समोर हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की सिग्नल देणारा), एवढं पुरतं. टोक कापडातून सुटून मिलिमीटरभर वर आलं की सेन्सर पेटेल असं चुंबक लावा. अडचण पुढे आहे: साधं जीआरबीएल सेन्सरची वाट बघत नाही, ते बफरमधल्या (तात्पुरत्या साठ्यातल्या) ओळी एकामागून एक ओढत जातं. संगणकावरून दर सिग्नलला एक ओळ पाठवायची युक्ती लोक करतात, पण यूएसबीचा उशीर दर वेळी वेगळा असतो आणि ७८ मिलिसेकंदांतले काही त्यातच जातात. त्यापेक्षा छोटं फर्मवेअर (बोर्डावर चालणारा प्रोग्राम) लिहा: पुढचे ३०-३२ टाके बोर्डाच्या मेमरीत, सेन्सरचा सिग्नल आला की इंटरप्टमधून (बाकीचं काम थांबवून तत्क्षणी) एक टाका सुरू. दोन अटी मात्र सोडू नका. मेमरी रिकामी झाली तर सुईची मोटर बंद. आणि पुढचा सिग्नल आला तेव्हा आधीची हालचाल संपलेली नसेल, तरीही मोटर बंद.

---

मायक्रोस्टेप

वरचं सगळं बरोबर आहे, पण पहिल्या मशीनला याहून सोपी वाट आहे. एसी मोटर काढा. हातचाकाला दातेरी पट्ट्याने नेमा २३ जोडा, १:१, आणि तिला झेड अक्ष म्हणा. नेमा २३ साठी वेगळा ड्रायव्हर लागेल, उनोवरच्या शील्डवरचा छोटा ड्रायव्हर तिला पुरत नाही. मग सेन्सरच्या सिग्नलला रिंग हलवायची भानगडच नाही: सुई वर उभी, एक्स-वाय हलतात, थांबतात, झेड एक पूर्ण फेरी मारतो. साधं जीआरबीएल चालतं. इंक/स्टिचमधून जी-कोड (मशीनला द्यायच्या हालचालींच्या ओळी) काढला की दर टाक्याला झेड ठरावीक अंकाने वाढत जातो. तो अंक १ करा आणि झेडच्या 'मिमी'ला एका फेरीच्या स्टेप द्या, ८ मायक्रोस्टेपला १६००.

वेग मिनिटाला शंभर-दीडशे टाके मिळेल. दहा हजार टाक्यांच्या डिझाइनला साधारण सव्वा ते पावणेदोन तास लागतात. पण चूक झाली तर सुई मोडत नाही, आणि एकेक टाका डोळ्यांनी बघता येतो.

सेन्सर इथेही लावाच, तपासणीपुरता. झेडच्या स्टेप सुटल्या की सुई 'वर' आहे असं नियंत्रकाला वाटतं आणि प्रत्यक्षात ती कापडात असते. क्लोज्ड-लूप (स्वतःची जागा मोजणारी) नेमा २३ घेतली तर ड्रायव्हर चूक भरून काढतो, नाहीतर अलार्म देतो. एक्स-वायला टीएमसी२२०९ ड्रायव्हर असतील तर त्यांचा आवाज न करणारा मोड बंद करून स्प्रेडसायकल हा दुसरा मोड लावा. त्या शांत मोडमध्ये झटक्याच्या त्वरणाला स्टेप सुटतात, आणि भरतकाम म्हणजे झटकेच झटके.

---

बॉबिनकेस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सुई डिझाइनच्या डाव्या कडेला असते तेव्हा अख्खी रिंग उजवीकडे खांबाशी गेलेली असते. म्हणून खांबाच्या दिशेला मिळणारं क्षेत्र = १६५ वजा रिंगची कड वजा मोकळीक. कड १५ आणि मोकळीक १० धरा, उरले १४०. रिंग चौकोनी घ्या आणि ती धरणारा हात डावीकडून लावा, उजवीकडे एक मिलिमीटरही वाया घालवू नका.

मशीन आणि सांगाडा एकाच फळीवर बोल्टने कसा, १८ मिमी प्लाय किमान. मशीन टेबलावर आणि सांगाडा वेगळ्या चौकटीवर असं केलंत तर दोघं वेगवेगळे थरथरतात आणि सॅटिनची (दाट आडव्या टाक्यांच्या पट्टीची) कड करवतीसारखी दिसते. रिंगचा तळ मशीनच्या बेडला जेमतेम टेकलेला हवा. वर अधांतरी राहिली तर सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं जातं, खाली दोऱ्याचा फासा नीट बनत नाही आणि टाका सुटतो. तुमचं मशीन सरळ टाक्याचं आहे ते एका अर्थी बरंच, प्लेटचं भोक लहान असल्याने कापड आत ओढलं जात नाही.

कापड सरकवणारे दाते खाली घ्या. खाली जात नसतील तर काढा. फूट रफूचा, स्प्रिंगवाला, सुईबरोबर वर उचलला जाणारा. आणि फूटची दांडी खाली पाडायला विसरू नका! ती वर असली की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात. खाली जाळं झालं की लोक बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचाच असतो.

सुरुवातीला सुई ७५/११, वरून ४० नंबरचा भरतकामाचा दोरा, खालून ६० नंबरचा बारीक. भरणीच्या ओळींमध्ये ०.४ मिमी अंतर, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान टाके गाळून टाका. सॅटिन उलट करून बघा: मधल्या एक तृतीयांश भागात बॉबिनचा दोरा दिसला की टेन्शन जमलं. अजिबात दिसत नसेल तर वरचं सैल आहे.

---

सुईदोरा_१०

धन्यवाद. वेग हवा म्हणून एसी मोटर आणि हॉल सेन्सरचाच रस्ता धरला, फर्मवेअर लिहिलं. हातचाक हाताने फिरवलं तर सगळं बिनचूक. मोटरवर चालवलं की ४०-५० टाक्यांमागे एकदा रिंग दोनदा सरकते, कधी सुई कापडात असतानाच. चुंबक घट्ट आहे. सेन्सर ए३१४४, पुल-अप (सिग्नलची तार ५ व्होल्टला ओढून धरणारा रेझिस्टर) १० किलो-ओहम, वायर मीटरभर, मोटरच्या वायरबरोबरच बांधलेली.

---

अर्धाफेरा

शेवटच्या चार शब्दांत उत्तर आहे. एसी मोटरच्या ब्रशची ठिणगी तुमच्या वायरमध्ये शिरतेय आणि बोर्ड तिला सिग्नल समजतोय. खात्री करायची तर मोटरचा पट्टा काढा, चुंबक सेन्सरपासून लांब थांबवा आणि मोटर नुसती फिरवा. मोजणी शून्यच राहिली पाहिजे. वाढली तर ठिणगीच.

उपाय याच क्रमाने करा. सेन्सरची वायर मोटरच्या वायरपासून सोडवून दुसऱ्या बाजूने न्या. जाळीवाली वायर घ्या, जाळी फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंडला जोडा. पुल-अप १० ऐवजी २.२ किलो-ओहम, बोर्डाच्या पिनपाशी १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्ससाठीच्या सुरक्षित) वर्गाचा कपॅसिटर. तिथे मेन्सचा व्होल्टेज असतो, साधा कपॅसिटर चालत नाही, आणि हे काम प्लग काढूनच. शेवटी फर्मवेअरमध्ये: ३०० टाक्यांना फेरी २०० मिलिसेकंदांची, तर एका सिग्नलनंतर १२० मिलिसेकंदांत आलेला दुसरा सिग्नल खोटा समजून टाकून द्यायचा. फक्त या शेवटच्या उपायावर भागवू नका. खोटा सिग्नल १२० नंतर, सुई कापडात असताना आला तर तो खराच धरला जाईल.

---

गोधडीकार

तिसरा प्रश्न राहिला. एक्स-वायची कल्पना तीच, पण गाडा वेगळा लागतो आणि नियंत्रणाची रीत उलटी. क्विल्टिंगमध्ये मोठं कापड रुळांवर ताणलेलं असतं आणि मशीनच दोन मजली गाड्यावर फिरतं. दहा-बारा किलोचं डोकं दर टाक्याला थांबवायचं आणि पुन्हा पळवायचं, हे या मोटरांना झेपत नाही. म्हणून इथे मशीन सलग चालतं, सुई कापडात असतानाही. टाका २.५ मिमी आणि मिनिटाला ४०० टाके म्हणजे सेकंदाला १६-१७ मिमी. सुई कापडात असते तेवढ्या वेळात डोकं दीड मिमीच्या आसपास पुढे जातं, तेवढं सुई वाकून आणि कापड थोडं ओढलं जाऊन निभतं. पण त्यासाठी सुई १००/१६ हवी. बारीक सुई वाकून हुकला (खाली फासा पकडणाऱ्या भागाला) लागते, किंवा फासा हुकच्या टोकापासून दूर जातो आणि टाका सुटतो.

इथे मेळ घालायचा तो वेगाचा: डोकं हळू तर सुई हळू, नाहीतर वळणांवर टाके एकावर एक साचतात. त्यासाठी मायक्रोस्टेप यांची झेडची युक्ती भरतकामापेक्षा इथे जास्त शोभते. झेडचं १ एकक = १ फेरी. जी-कोडच्या प्रत्येक ओळीत एक्स-वायच्या लांबीला २.५ ने भागून तेवढा झेड वाढवा. १०० मिमीच्या रेषेला झेड ४० ने वाढतो. वळणावर जीआरबीएल सगळेच अक्ष एका प्रमाणात हळू करतं, त्यामुळे टाका लांबीला बरोबर पडतो. गोलाईच्या ओळींनाही हेच चालतं. फीड (हालचालीचा वेग) मिनिटाला १००० मिमीच्या आसपास ठेवा. फीडच्या हिशेबात झेडही धरला जातो, त्यामुळे एक्स-वायचा खरा वेग सात टक्के कमी पडतो, फरक एवढाच.

सर्वो मोटर असेल तर जीआरबीएलच्या लेझर मोडमधली एम४ ही आज्ञा वापरून वेगाप्रमाणे सिग्नल काढतात. चालतं, पण रिकाम्या हालचालीला तो सिग्नल शून्य होतो आणि सुई कुठेही थांबते, कापडात रुतलेलीसुद्धा. सुई वर आल्याचा सेन्सर बघूनच पुढची उडी मारायची, ही अट वेगळी घालावी लागते.

जागेचंही बघा. खांबापर्यंतच्या १६५ मधून गुंडाळलेल्या क्विल्टची गुंडाळी वजा होते. ती ७० मिमी जाडीची झाली की मोकळीक सोडून हातात उरतात ८०-८५ मिमी. म्हणजे नक्षी ८ सेंटिमीटरच्या पट्ट्यांत. दर पट्टीनंतर कापड पुढे गुंडाळायचं आणि आधीच्या टाक्यांवर दोन बिंदू धरून नवी पट्टी जुळवायची. डोकं जड असल्याने मोटरा नेमा २३ आणि पट्टा ९ किंवा १५ मिमी रुंद. त्वरण ५०० पुरतं.

---

सुईदोरा_१०

दुहेरी सिग्नल गेला, वायर वेगळी केल्यावरच निम्म्याहून जास्त कमी झाला होता. क्विल्टिंग आता वेगळा गाडा करूनच बघेन. आता फक्त भरणी आणि बाह्यरेषा जुळत नाहीत, एका बाजूला मिलिमीटरभर फट राहते. स्टेप सुटतायत की कापड आकसतंय, कसं ओळखायचं?

---

बॉबिनकेस

दोरा आणि बॉबिन दोन्ही काढा. रिंगमध्ये जाड कागद लावा, सुई जुनी घ्या, कागदावर धार जाते. डिझाइनच्या शेवटी सुरुवातीच्या बिंदूवर परत येऊन एक टाका टाका. भोकात भोक पडलं तर मशीन निर्दोष आहे: कापड टाक्यांच्या दिशेने आकसतंय. बॅकिंगचा एक थर वाढवा, भरणीखाली विरळ आडवे टाके घाला आणि पुल कॉम्पेन्सेशन (आकसण्याची भरपाई म्हणून टाके थोडे लांब काढणं) ०.२ पासून ०.४ मिमीपर्यंत वाढवत न्या. शेवटचं भोक बाजूला पडलं तर ज्या अक्षात सरकलंय त्या अक्षाच्या पुलीचा छोटा स्क्रू बघा. शाफ्टच्या सपाट बाजूवर बसलेला नसेल तर झटक्यांनी तो हळूहळू घसरतो. शाफ्ट आणि पुलीवर मार्करने एकच रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसेल.