फोर काउंटीज रिंग तिसऱ्यांदा करतोय, जुने पब शोधत जावं की नाद सोडावा?

भटक्या_७२

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

पुढच्या मे महिन्यात आम्ही चौघं (मी, बायको आणि आमचं एक जुनं मित्र जोडपं) परत नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेतोय. पहिली खेप २००४, दुसरी २०१२, आता ही तिसरी. रूट दर वेळी तोच, फोर काउंटीज रिंग, म्हणजे इंग्लंडमधल्या कालव्यांचा गोल फेरा, ११० मैल आणि ९४ लॉक (बोट वर-खाली नेणाऱ्या दारं असलेल्या पाण्याच्या कोठ्या). २००४ ला हे सगळं एका आठवड्यात उरकलं होतं, म्हणजे दिवसाला आठ तास बोट हाकायची आणि संध्याकाळी पबात जाऊन पडायचं, बस्स. आता गुडघे बोलायला लागलेत म्हणून दोन आठवडे घेतलेत.

तर मुद्दा असा की माझ्याकडे दोन्ही ट्रिपांची वही आहे. लॉगबुक वगैरे मोठा शब्द झाला, साधी शाळेची वही, त्यात रोज कुठे बोट बांधली, कुठल्या पबात गेलो, काय खाल्लं-प्यालं. २००४ च्या पानांवर अकरा पब आहेत. २०१२ ला वही हातात घेऊन तेच शोधत गेलो तर दोन कायमचे बंद, एकाचं घर झालेलं (खिडकीत पडदे आणि दारात सायकल), आणि एक होता तिथेच होता, नावही तेच, पण आत चार मोठे टीव्ही आणि बारवर फोनमधून डोकं वर न काढणारा मुलगा. ज्या खोलीत २००४ मध्ये एका म्हाताऱ्याने आम्हाला डॉमिनोज शिकवले होते तिथे जुगाराचं मशीन. बायको म्हणाली चला, बोटीवर सूप करू. केलं.

आता परत तेच करायचं का? मित्राचं म्हणणं वही घरी ठेव, जिथे संध्याकाळ होईल तिथला पब आपला. मला मात्र ते जिवावर येतंय. तुमच्यापैकी ज्यांनी एकच कालवा दहा-वीस वर्षांत पुन्हा पुन्हा केलाय ते काय करता?

दुसरं, वहीत एका पबाचं नावच लिहिलेलं नाही. फक्त "लॉकला चिकटून, आत दोन पायऱ्या उतरा मग तीन चढा, खिडकीतून बोट वर येताना दिसते, पाय उत्तम" एवढंच. पाय म्हणजे खायचा पाय. कोणी ओळखेल का?

---

मिडलँड्सकर

तो स्टोनचा स्टार. शंभर टक्के. ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर स्टोनला चार लॉक आहेत, त्यातल्या सगळ्यात खालच्या लॉकचं नावच स्टार लॉक आणि पब त्याला खेटून. आतल्या खोल्या सगळ्या वर-खाली, दोन पाइंटनंतर त्या पायऱ्या आपोआप वाढतात.

स्टोनला थांबणारच असाल तर क्राउन वॉर्फ पण बघा, तो नवा आहे, तुमच्या वहीत नसणारच. जूल्स ब्रूअरीचा. मूळ जूल्स स्टोनचीच, सत्तरच्या दशकात बंद पडली, मग २०१० मध्ये ते नाव घेऊन मार्केट ड्रेटनला नवीन ब्रूअरी उभी राहिली आणि मार्केट ड्रेटनही तुमच्या रिंगवरच आहे. म्हणजे बघा, जुन्या वहीतलं नसलेलं पण त्याहूनही जुनं काहीतरी मिळेल.

---

टोपाथवरची_ताई

भटक्या, मी तुमच्या मित्राच्या बाजूने.

आम्ही २००९ पासून जवळपास दर वर्षी जातो, कधी लॅंगोलेन कालवा, कधी केनेट अँड एव्हन, दोनदा तुमची रिंग. माझा अनुभव असा की खूप आवडलेल्या पबात परत जायचंच नाही. पहिल्या वेळी तुम्ही भिजून, थकून, सात लॉक करून पोचलेले असता, कोणीतरी चुलीपाशी जागा करून देतं, तिथलं गरम सूप म्हणजे अमृत. दुसऱ्या वेळी ऊन असतं, तुम्ही दुपारी तीनलाच पोचता, आणि तेच सूप म्हणजे पाकिटातलं सूप. पबाचा काय दोष त्यात.

एक गोष्ट मात्र खरंच सुधारली आहे. मी शाकाहारी. २००९ ला कालव्याकाठी व्हेजिटेरियन म्हणजे एकतर व्हेज लझान्या, नाहीतर जॅकेट पोटॅटोवर बीन्स आणि चीज, आणि ते विचारल्यावर बारमागची बाई माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायची. आता त्याच पबांत वेगन पाय, वेगन बर्गर, मला मेन्यू वाचायला वेळ लागतो. आणि २००७ च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये आत सिगरेट बंद, त्यामुळे स्वेटर धुवावा लागत नाही. २००४ ची वही हुंगून बघा, अजून वास येत असेल.

---

कालवेकाका

सगळ्यांना नमस्कार. मी वयाने इथे सगळ्यात मोठा असेन. एकोणऐंशी साली नोकरीसाठी या देशात आलो, हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा नॅरोबोटीवर नेलं ते १९८५. त्यानंतर मोजणं सोडलं.

ताईंना सुधारणा दिसली, तर मी त्याहून आधीची सांगतो. १९८८ पर्यंत पब दुपारी बंद होत असत. साधारण अडीच-तीनला घंटा, मग साडेपाच-सहापर्यंत दाराला कडी. कायदाच तसा होता. त्यामुळे आमचं सगळं वेळापत्रक त्यावर. ऑडलम गावची १५ लॉक सकाळी सातला सुरू करायची म्हणजे दीडपर्यंत पबाच्या दारात, आणि समोरून हळू बोट आली की आमच्या सर्जन मित्राचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा, ऑपरेशनमध्ये कधी एवढा घामाघूम झाला नसेल. १९८८ ला कायदा बदलला, पण रविवारची दुपार मोकळी व्हायला १९९५ उजाडलं. आज कोणाला खरं वाटत नाही.

आता भटक्या यांचा मूळ प्रश्न. पब का बदलतात हे समजून घेतलं तर वाईट कमी वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो.

कालव्याकाठचे बरेचसे पब बोटवाल्यांसाठीच उभे राहिले. बोट घोडा ओढायचा, घोड्याला रात्री तबेला लागायचा, म्हणून पबाच्या मागे तबेला. जंक्शनला, लॉकच्या रांगेच्या वर आणि खाली, बोगद्याच्या तोंडाशी, म्हणजे जिथे थांबावंच लागतं तिथे पब. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, मालवाहतूक तिथेच जवळपास संपली आणि या पबांचं मूळ गिऱ्हाईक गेलं. पुढे आपण आलो, म्हणजे सुट्टीवाले. पण आपण एप्रिल ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते मार्च लॉकची दुरुस्ती निघते, ठिकठिकाणी कालवा बंद, बोटी नाहीत. ज्या पबाला गाव आहे किंवा मोठा रस्ता आहे तो हिवाळा काढतो. ज्याला फक्त कालवा आहे त्याचं अवघड.

त्यात पब चालवणारा माणूस बहुतेक वेळा मालक नसतो. इमारत ब्रूअरीची नाहीतर पब कंपनीची, हा भाडेकरू, आणि पुष्कळदा बिअर त्यांच्याकडूनच, त्यांच्या भावाने घ्यायची अट. तीन-चार वर्षांत दमतो आणि जातो. नवीन येतो, रंग बदलतो, आचारी बदलतो. तुम्ही आठ वर्षांनी जाता म्हणजे मधे दोन-तीन संसार होऊन गेलेले असतात तिथे. इमारतीला पब समजाल तर फसाल. पब म्हणजे तो माणूस.

म्हणून माझी रीत अशी: वही न्यायची, पण माणूस कोण आहे ते आधी विचारायचं. आधीच्या लॉकवर समोरून येणाऱ्या बोटीला विचारा, "काल रात्री कुठे जेवलात?" एवढं पुरतं. फोनवरच्या रेटिंगपेक्षा ते खरं असतं, कारण त्यांनी तिथून बोट बाहेर काढून दोन तास पण झालेले नसतात.

आणि तुमच्या रिंगवर एक अपवाद आहे ज्यासाठी वही नक्की न्या. हाय ऑफ्लीचा अँकर पब. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात, जुना लाकडी बाक, बिअर तळघरातून जगमध्ये भरून आणणार. बाहेरून घर वाटतं. मी गेलो त्या प्रत्येक वेळी तसाच. उघडण्याच्या वेळा मात्र आधी विचारा, आणि जेवण मिळेल हे गृहीत धरू नका, बोटीवर काहीतरी करून खाऊन जा.

---

भटक्या_७२

काका, अँकर! वहीत आहे! २००४: "अँकर. जग. काही बदललं नसावं राणीच्या राज्याभिषेकापासून." २०१२: "अँकर. तसाच. जग तोच??" दोन प्रश्नचिन्हं माझीच.

ताई, सुपाचं पटलं. तरी श्रॉपी फ्लाय मला परत बघायचाच आहे. ऑडलमचा, जुन्या गोदामातला, ज्याचा बार बोटीच्या पुढच्या टोकासारखा केलाय. २०१२ ला मित्राला तिथेच कळलं की फ्लाय म्हणजे माशी नाही. फ्लाय बोटी म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या एक्सप्रेस मालबोटी, बाकीच्यांनी लॉकमध्ये त्यांना वाट द्यायची. तोपर्यंत तो आठ वर्षं "माशीवाला पब" म्हणत होता.

---

नुसताच_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही कधी गेलो नाही पण वाचून जावंसं वाटतंय. पबासमोरच बोट बांधता येते का? का लांब बांधून चालत जायचं?

---

मिडलँड्सकर

दोन्ही. काही पबांसमोर बोट बांधायच्या कड्या असतात, पण मे महिन्यात दुपारी चारनंतर तिथे जागा मिळाली तर लॉटरीचं तिकीट घ्या. नाहीतर टोपाथच्या (कालव्याकाठच्या पायवाटेच्या) कडेला लोखंडी खुंट्या ठोकून बांधायची आणि टॉर्च घेऊन चालत जायचं. टॉर्च विसरू नका, कालव्याकाठी दिवे नसतात, आणि परत येताना आपली बोट कुठली हे अंधारात शोधणं हा वेगळाच खेळ. एकदा मी दुसऱ्याच्या बोटीचं दार उघडायला लागलो होतो, आतून कुत्रा भुंकला म्हणून वाचलो, आमच्याकडे कुत्रा नाही.

श्रॉपशायर युनियन कालव्यावर (तुमच्या रिंगचाच भाग) अजून एक भानगड, पाण्याखाली काठाला लागून एक पायरी आहे, सगळे तिला श्रॉपी शेल्फ म्हणतात. बोट काठाला नीट लागतच नाही, आणि रात्रभर तळ त्या पायरीवर ठक ठक आपटतो. मधे टायर किंवा जाड फेंडर (धक्का झेलणारी उशी) टाका, नाहीतर पबात मिळवलेली झोप बोटीवर घालवाल.

आणि आणखी एक, हे कोणीच आधी सांगत नाही. किचन. पब अकराला बंद होत असेल, पण किचन साडेआठला बंद होतं, कधी आठलाच, सोमवार-मंगळवार तर बघायलाच नको. करोनानंतर हे जास्त झालंय, माणसं मिळत नाहीत म्हणतात. बोटीला ताशी चार मैलांची मर्यादा आहे आणि बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जायचं, तेव्हा "जरा जोरात जाऊन गाठू" हा प्रकार नाही. एका पबात (नाव नको) आम्ही आठ वाजून पस्तीस मिनिटांनी पोचलो, सहा माणसं, ओली, आणि जेवण म्हणून मिळाली खारे शेंगदाण्यांची चार पाकिटं. त्यांच्या परीने त्यांनी मोठं मन दाखवलं, पैसे तीनचेच घेतले.

---

टोपाथवरची_ताई

मिडलँड्सकर, शेंगदाणे तरी मिळाले.

भटक्या, विरोध केला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पण मधला मार्ग सुचवते. रिंगचा अर्धा भाग वही घेऊन करा, अर्धा वहीशिवाय. श्रॉपशायर युनियनवर वही, कारण अँकर आणि श्रॉपी फ्लाय दोन्ही तिकडे. ऑथर्लीच्या जंक्शनला वळून स्टॅफर्डशायर अँड वूस्टर कालव्यावर आलात की वही मिटून ठेवा. आणि एक रात्र टिक्सल वाइडला काढा, ग्रेट हेवूडच्या जरा अलीकडे. तिथे कालवा तळ्यासारखा रुंद आहे, कारण तिथल्या जमीनदाराला आपल्या घरासमोर साधा कालवा नको होता, तलाव दिसायला हवा होता. जवळ पब नाही. तेच चांगलं आहे. बोटीच्या छतावर बसून आपलंच काहीतरी प्यायचं, समोर जुनं गेटहाऊस, मागे घर उरलेलंच नाही, नुसतं दार.

मग स्टोन, मग हेअरकासल बोगदा आणि त्यानंतर चेशायरची लॉकं. त्या उताराला लोक हार्टब्रेक हिल म्हणतात ते उगाच नाही, तिथे संध्याकाळी जो पहिला पब दिसेल तो जगातला सर्वोत्तम पब असतो, वही असो की नसो.

---

कालवेकाका

ताईंचं बरोबर. फक्त बोगद्यात जायच्या वेळा पाळा, हेअरकासल एकेरी आहे, आत शिरायला माणूस सोडेल तेव्हाच जायचं, साधारण चाळीस मिनिटं अंधारात. पाणी तिथे नारिंगी दिसतं, खडकातल्या लोखंडामुळे. बाहेर आल्यावर घसा कोरडा पडतो, ते बहुधा मानसिक असावं.

आणि प्यायचं ते बोट बांधल्यावर. लॉकमध्ये उतरताना मागच्या दाराजवळ पाण्याखाली दगडाचा नाहीतर काँक्रीटचा उंबरठा असतो, बोटीचं ढुंगण त्यावर अडकलं तर पुढचं टोक खाली जातं आणि बोट बुडते. दुपारचा एक पाइंट म्हणून त्या उंबरठ्याकडे दुर्लक्ष झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी कोणाला लागलं नाही पण सगळ्यांचं सामान कालव्यात.

---

भटक्या_७२

ठरलं. ऑथर्लीपर्यंत वही, पुढे मित्राचं राज्य. बायकोला दाखवलं हे सगळं, तिचं म्हणणं वहीत नवा रकाना कर, "माणूस कोण". आणि अँकरला जग तोच आहे का ते या वेळी फोटो काढून ठेवते म्हणाली, म्हणजे पुढच्या वेळी दोन प्रश्नचिन्हं नकोत.

पुढच्या वेळी म्हणाली हे मी ऐकलंय. तिला आठवण करून देणार नाही.

---

नुसताच_वाचक

शेवटचा प्रश्न. बोटवाले लॉकवर विंडलस विंडलस करतात, ते काय असतं?

---

भटक्या_७२

लॉकमधलं पाणी सोडायच्या झडपा उघडायचं लोखंडी हँडल. बोटीवाले दोन देतात. तीन मागा. २००४ चं मी ऑडलमच्या आठव्या लॉकमध्ये टाकलंय, २०१२ चं पण ऑडलमलाच, लॉक नंबर वहीत आहे.