मदत हवी आहे: ऑनलाइन अधिवेशनात मतदार प्रतिनिधी म्हणून बसायचं आहे (खानापूर तालुका)

मलप्रभेकाठची

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, कणकुंबीच्या बाजूची. आमच्या राजकीय संघटनेचं अखिल भारतीय अधिवेशन यावेळी ऑनलाइन भरणार आहे आणि तालुका मेळाव्यानं मला मतदार प्रतिनिधी, म्हणजे ठरावांवर मत देण्याचा हक्क असलेली प्रतिनिधी, म्हणून निवडलंय. संघटनेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न कामकाजाचे आहेत, त्यामुळं कुठल्याही पक्षाच्या, कुठल्याही युनियनच्या माणसाला उत्तर देता यावं.

जिल्हा अधिवेशनं मी बेळगावात बसून पाहिलीत. तिथं हात वर केला की मोजणारा रांगेतून फिरतो, कोण बाजूनं आणि कोण विरोधात ते सगळ्यांना दिसतं. मोबाइलच्या पडद्यावर हे कसं चालतं ते मला कळत नाही, आणि आमच्या भागात पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्हींचा भरवसा नाही. मतदान सुरू असताना लाइन तुटली तर माझं मत गेलं का? ते मोजलं गेलं की नाही हे मला कसं समजणार?

दुसरी अडचण भाषेची. आम्ही कर्नाटक शाखेत येतो, म्हणून मसुदा ठराव आले ते इंग्रजीत आणि कानडीत. कानडी मला बोलता येतं, वाचताही येतं, पण ऐंशी पानांचा राजकीय ठराव वाचून त्यातल्या ओळी मेळाव्यातल्या बायकांना समजावून सांगणं वेगळं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडची काही गावं भीमगड अभयारण्याच्या आत आहेत. अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, माणसं तिथं त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून नांदतात. पुनर्वसनाची बोलणी सारखी निघतात. काहींना खाली यायचंय, कारण पावसात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागतं आणि मुलांची शाळा सुटते. काहींना देव, शेत आणि गुरांची चराई सोडून कुठंच जायचं नाही. मेळाव्यात दोन्ही बाजूंच्या बायका पोटतिडकीनं बोलल्या. सगळ्यांचं एकमत झालं ते एवढ्यावर: आधी वनहक्काचे दावे, म्हणजे कसत आणि वापरत असलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्कासाठीचे अर्ज, निकाली काढा, आणि राहायचं की निघायचं ते ग्रामसभेला ठरवू द्या. मसुदा ठरावात जंगलाबद्दल एकच परिच्छेद आहे आणि त्यात फक्त "योग्य पुनर्वसन" म्हटलंय. आमची दुरुस्ती तिथं घालायची आहे.

जिल्ह्यातले एक जण म्हणाले, अशा शंभर दुरुस्त्या येतात, समिती त्या एकत्र करते, तुम्ही एकत्रित मजकुराला मत द्या आणि विषय संपवा. पण एकत्रित मजकुरातून ग्रामसभाच गळाली तर? मला ज्यांनी पाठवलं त्यांच्या शब्दाला मी किती बांधील आहे? तिथली चर्चा ऐकून माझं मत बदललं तर मी वेगळं मत देऊ शकते का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय. ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा की.

टिळकवाडीचा

अक्का, अभिनंदन. आधी तांत्रिक सांगतो, ते सोपं आहे. करोनाच्या काळात आमच्या कर्मचारी संघटनेची अधिवेशनं अशीच झाली आणि मोजणीचं काम माझ्याकडं होतं.

झूमवर असेल तर मतदान दोन प्रकारे होऊ शकतं. एक, झूममधलाच पोल. तो पडद्यावर उघडतो, पर्याय निवडायचा आणि खाली सबमिट दाबायचं. पर्याय निवडून सबमिट न दाबणारे खूप असतात आणि त्यांचं मत जातच नाही. दुसरा प्रकार म्हणजे वेगळ्या मतदान संकेतस्थळाची लिंक तुमच्या ईमेलवर येते, प्रत्येकाची वेगळी. ही लिंक कुणाला पुढं पाठवायची नाही. हा प्रकार तुमच्यासाठी बरा, कारण बैठकीची लाइन तुटली तरी मतदान बंद होईपर्यंत लिंक चालू राहते, आणि बहुतेक ठिकाणी मत नोंदल्याची पोच मिळते.

साध्या फोनवरून नंबर लावून बैठकीत शिरता येतं, आवाज ऐकू येतो. स्टार नऊ दाबून हात वर करता येतो, स्टार सहा दाबून आवाज चालू-बंद करता येतो. पण असं जोडलेल्याला पोलमध्ये मत देता येत नाही. दुभाष्याचा आवाजही त्याला मिळत नाही, मूळ भाषण तेवढं ऐकू येतं. म्हणून साधा फोन फक्त ऐकण्याची सोय म्हणून जवळ ठेवा.

एका मोबाइलसमोर दोन प्रतिनिधी बसू नका. एका जोडणीला एकच मत. आमच्याकडं नवरा-बायको दोघंही प्रतिनिधी होते आणि एकाच टॅबवर बसले होते. सकाळभर त्यांची दोन मतं एक म्हणून मोजली जात होती, दुपारी लक्षात आलं.

आणि डेटा. व्हिडिओ चालू ठेवून दिवसभर बसलात तर दीड जीबीचा रोजचा पॅक जेवणाआधीच संपतो आणि मग वेग इतका घसरतो की पोल उघडतच नाही. गणपूर्ती मोजताना चेहरा दाखवा म्हणतात तेवढ्यापुरता व्हिडिओ लावा, एरवी बंद. जमलं तर त्या दोन दिवसांसाठी खानापूर गावात किंवा बेळगावात नातेवाइकांकडं येऊन बसा. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात नेट असतं, पण ती सरकारी जागा. पक्षाच्या कामाला वापरू नका, उगाच कुणी बोट दाखवील.

मलप्रभेकाठची

खूप उपयोग झाला दादा. मामेबहीण टिळकवाडीत राहते, तिच्याकडं येईन. पण लाइन तुटली आणि मतदान झूमच्या पोलमधूनच असलं तर?

टिळकवाडीचा

ते अधिवेशनाच्या आधी लेखी विचारून घ्या. प्रतिनिधींची ओळखपत्रं तपासणारी समिती असते, तिलाच विचारायचं. मतदान किती वेळ उघडं राहणार? लाइन तुटलेल्या प्रतिनिधीचं मत फोनवरून, नाव पुकारून, समितीसमोर नोंदवणार का? पर्यायी प्रतिनिधीला मधेच तुमच्या जागी बसता येतं का, की एकदा तुम्ही हजेरी लावली की तुमचीच जागा? समितीच्या कुणाचा तरी नंबर अधिवेशनभर चालू असला पाहिजे, तोही मागून घ्या. हे प्रश्न आधी गेले की पहिल्याच सत्रात कामकाजाच्या नियमांना मंजुरी घेतात त्यात उत्तर येतं. नंतर विचारलं तर अध्यक्ष "आता नियम ठरलेत" म्हणून पुढं जातात.

पडद्यावरचं नाव प्रतिनिधी क्रमांक, नाव, तालुका असं लिहा. घरातल्या मुलाच्या नावानं लॉगिन राहिलं तर वेटिंग रूममध्येच अडकून पडाल.

गडहिंग्लज_नाका

भाषेचं मी सांगते. तुमची संघटना अखिल भारतीय आहे ना? मग महाराष्ट्र शाखेनं त्याच मसुद्याचं मराठी भाषांतर केलेलं असायची शक्यता मोठी आहे. कर्नाटक शाखेच्या कार्यालयामार्फत ते मागवा. थेट कोल्हापूरला फोन लावला तरी मिळेल, पण मग तुमच्या राज्य कार्यालयाला वाटतं की सीमाभागातली माणसं परस्पर व्यवहार करतात. आपल्याकडं हा विषय हळवा आहे, तेव्हा रीतसर पत्र लिहा. सीमेवरच्या मराठी सभासदांना मसुदा मराठीत मिळणं ही साधी सोय आहे, यात भाषावाद काही नाही, असं त्यात स्पष्ट म्हणा.

अधिवेशनात बोलताना मराठीत बोलायचं असेल तर दुभाष्या आधी मागावा लागतो. झूममध्ये दुभाष्यांची वेगळी वाहिनी लावता येते, पण ती सोय यजमानांनी बैठक ठरवतानाच चालू करायची असते. तुमचं भाषण दुभाष्याला आदल्या दिवशी लिहून पाठवा. वनहक्क, गावठाण, गायरान असले शब्द तो ऐनवेळी कुठून आणणार?

निपाणीकर_जुना

ताई, तुमच्या खऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. मी तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बाईचा मुलगा. निपाणीत 1981 चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन झालं तेव्हा शाळेत होतो. पुढं विडी कामगारांच्या युनियनमध्ये आयुष्य गेलं, बऱ्याच अधिवेशनांना प्रतिनिधी होतो.

प्रतिनिधींचे बांधील आणि मुक्त, असे दोन प्रकार असतात. आधी तुमच्या संघटनेची घटना वाचा. बहुतेक अखिल भारतीय संघटनांत अधिवेशनातला प्रतिनिधी चर्चा ऐकून स्वतःच्या बुद्धीनं मत देतो. नाहीतर चर्चेला अर्थच काय, घरूनच मतं पाठवली असती. पण ती मोकळीक सगळ्या विषयांना सारखी लागत नाही असं मी मानतो. पदाधिकारी कोण, परराष्ट्र धोरणावरची ओळ काय, यात तुमचं मत बदललं तर बदलू द्या. ज्या एका गोष्टीवर तुमच्या मेळाव्यात भांडून, रडून एकमत झालं, ती तुमच्या हातात दिलेली ठेव आहे. ती बदलायचा अधिकार तुम्हाला एकटीला नाही. घटना काहीही म्हणो.

आता कामकाजात ती कशी राखायची ते. नियम साधारण असा की दुरुस्तीवर आधी मतदान, मग मूळ ठरावावर. समिती तुम्हाला फोन करून विचारेल, "तुमची दुरुस्ती आशयानं घेतली आहे, मागे घेता का?" तिथंच माणूस फसतो. एकत्रित मजकूर लेखी मागा. त्यात "ग्रामसभेची संमती" आणि "आधी दाव्यांचा निकाल" हे दोन्ही असेल तर खुशाल मागे घ्या, शब्द तुमचेच हवेत असा हट्ट धरू नका. एक जरी नसेल तर "मागे घेत नाही, मतास टाकावी" एवढं एक वाक्य बोला. वाद घालू नका, एवढंच बोला. मग अध्यक्षांना मत घ्यावंच लागतं. पडली तर पडली. तुम्ही पाडून घेतली नाही, हे परत येऊन सांगता येतं.

दुरुस्ती पडल्यावर मूळ ठरावाला काय करायचं हे मेळाव्यालाच आधी विचारून या. बाजूनं, विरोधात की तटस्थ. मी असतो तर बाजूनं मत देऊन भिन्न मत कार्यवृत्तात नोंदवा म्हटलं असतं.

उचगावचा_वकील

निपाणीकर काकांशी सहमत. दुरुस्तीच्या मजकुराबद्दल थोडं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) नुसार दाव्यांची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत वननिवासींना जमिनीवरून हटवता येत नाही. कलम 4(2) मध्ये ग्रामसभेच्या लेखी, मुक्त संमतीची अट आहे, पण ते कलम संकटग्रस्त वन्यजीव अधिवासांबद्दल, म्हणजे अभयारण्यांतल्या आणि राष्ट्रीय उद्यानांतल्या वन्यजीवांसाठी खास ठरवून दिलेल्या भागांबद्दल आहे. म्हणून फक्त 4(2) वर दुरुस्ती उभी करू नका, कुणी जाणकार प्रतिनिधी तेवढ्यावरून ती खोडून काढेल. 4(5) आधी लिहा, आणि ग्रामसभेची संमती ही संघटनेची राजकीय मागणी म्हणून सगळ्या अभयारण्यांसाठी मांडा.

शिवाय आपल्या भागातले बरेच लोक अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. ते "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणून दावा करतात आणि त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्या काळचा आपला भाग मुंबई प्रांतात होता. जुनी कागदपत्रं कुठल्या दप्तरात आणि कुठल्या लिपीत सापडतील या शोधातच दावे रखडतात. भाषणात हा मुद्दा घ्या. इतर राज्यांच्या प्रतिनिधींना हे माहीत नसतं आणि ऐकलं की पटतं.

मलप्रभेकाठची

काका, "ठेव" हे मनाला लागलं. परवा गावात बसून बायकांना विचारलं. दुरुस्ती पडली तर मूळ ठरावाला तटस्थ राहायचं असं त्यांचं म्हणणं आलं. मला बाजूनं द्यावंसं वाटत होतं, पण तटस्थच राहीन.

कार्यकारिणीची निवडणूकही आहे, पसंतीक्रमानं मत द्यायचं म्हणतात. त्याचं कुणी सांगेल का?

टिळकवाडीचा

आपल्याकडं शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून विधान परिषदेवर आमदार जातात, त्याला असंच मतदान असतं. 1, 2, 3 असे क्रम द्यायचे. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढतात: समजा 400 वैध मतं आणि 7 जागा, तर 400 ला 8 नं भागून एक मिळवायचा, 51. पहिल्या पसंतीत कोटा गाठला की तो निवडून आला, त्याची जादा मतं दुसऱ्या पसंतीला जातात. खालून बाद होणाऱ्यांची मतंही तशीच पुढं सरकतात. खालचे क्रम भरल्यानं तुमच्या पहिल्या पसंतीचं नुकसान होत नाही, म्हणून जितके पटतात तितके क्रम भरा.

निपाणीकर_जुना

एक राहिलं. आपल्या बेळगावात 1924 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते एकमेव. प्रतिनिधींसाठी विजयनगर नावाची वसाहत उभी केली होती, पाण्याला विहीर खोदली, ती काँग्रेस विहीर अजून आहे. माणसं एकत्र उतरली की रात्री जेवताना बोलणं होतं आणि सकाळी तुमच्या दुरुस्तीला दहा हात जास्त मिळतात. ऑनलाइनमध्ये हे होत नाही, ते तुम्हाला आधीच फोनवर करावं लागेल. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, गडचिरोली इथल्या प्रतिनिधींचे नंबर कार्यालयातून मागा आणि दुरुस्तीला अनुमोदन विचारा. जंगलातल्या माणसाला तुमचं म्हणणं दोन वाक्यांत कळेल.

मलप्रभेकाठची

आज गडचिरोलीच्या एक ताई फोनवर भेटल्या, मराठीतच बोलल्या. त्या अनुमोदन देणार आहेत आणि त्यांच्या जिल्ह्यातल्या ग्रामसभांचा अनुभव मांडणार आहेत. मराठी मसुदाही राज्य कार्यालयानं मागवून दिला. समितीला प्रश्न लेखी पाठवले, उत्तर यायचंय.

बोलायला तीन मिनिटं मिळणार. लिहिलेलं वाचून बघितलं तर पाच होतात. उद्या इथं टाकते, कुठलं काढायचं ते सांगाल का?

उचगावचा_वकील

टाका. कायद्याची कलमं भाषणात नकोत, ती लेखी दुरुस्तीत राहू देत. तिथंच एक मिनिट वाचेल.