सूर्य वर्षभर झाडामागेच राहत नाही

ट्रायपॉडची जागा पक्की करून वर्षभर एकाच झाडामागचा सूर्यास्त टिपावा, ही सूचना मला अर्धीच पटली. जागा पक्की हवीच. पण सूर्य तिथे थांबत नाही! अगदी विषुववृत्तावरसुद्धा मावळतीचा बिंदू वर्षभरात सुमारे ४७ अंश सरकतो, आणि विषुववृत्तापासून लांब जाल तसा आणखी जास्त. फुल फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० मिमी लेन्सची आडवी चौकट जेमतेम ४० अंशांची, म्हणजे तो कधीतरी चौकटीबाहेर जाणारच. शिवाय हा वेग सारखा नसतो. जून-डिसेंबरच्या अयनदिनांजवळ (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) बिंदू जवळजवळ स्थिर असतो, तर मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांजवळ (दिवस-रात्र सारखे) रोज जवळपास सूर्यबिंबाच्या रुंदीएवढा सरकतो. टेलिलेन्सने (लांबचं मोठं दाखवणाऱ्या लेन्सने) बिंब नेमकं फांद्यांत पकडायचं असेल तर तेव्हा एक ढगाळ संध्याकाळही महागात पडते.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की अयनदिनाआधी जितके दिवस, तितकेच नंतर मोजले की सूर्य पुन्हा त्याच बिंदूवर मावळतो. उदाहरणार्थ २२ ऑक्टोबर आणि २० फेब्रुवारी. पानगळीचं झाड निवडलंत तर तोच सूर्य, तीच फांदी, एकदा पानांआड आणि एकदा उघड्या काटक्यांमधून मिळू शकतो. आणि व्हाइट बॅलन्स (फोटोतला रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा तांबूसपणा कमी करून टाकतो. ‘डेलाइट’वर ठेवलात तर दोन्ही फोटोंची तुलना खरी होईल.