कोचला ‘तुम्ही इंडिया खेळलात का?’ हे विचारणं आता बंद करा

धरमपेठी गुगली

आमच्या क्लबात सोळा वर्षांखालच्या पोरांसाठी कोच नेमायचाय. शेवटी दोन अर्ज उरलेत. एक जण आयपीएलच्या एका संघाच्या डगआऊटमध्ये बसून आलेला. मैदानात फारसा उतरला नाही, पण जर्सीतले फोटो भरपूर. दुसरा विदर्भाकडून मोजके रणजी सामने खेळला, संघातून वगळला गेला आणि तेव्हापासून पोरांना शिकवतोय. कमिटी जवळजवळ एकमुखाने पहिल्याच्या बाजूने. कारण काय, तर पालक नाव बघून येतात.

माझं मत विचाराल तर कोच नेमताना त्याच्या स्वतःच्या धावा-बळींचा कागद बाजूला ठेवावा. हे नागपुरात सांगावं लागावं याचं मला नवल वाटतं. २ मार्च २०२५ला आपल्या जामठ्याच्या स्टेडियमवर विदर्भाची केरळविरुद्धची रणजी फायनल अनिर्णित सुटली आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा आपल्याकडे आला. दानिश मालेवारचे १५३ सगळ्यांना पाठ आहेत. करुण नायरचे ८६ आणि १३५, हर्ष दुबेचे मोसमातले ६९ बळी (एका रणजी मोसमातला विक्रम आहे तो) तेही पाठ. कोच कोण होता? उस्मान घनी. विदर्भाचा रणजीपटू, भारताकडून खेळायची टोपी कधी मिळाली नाही. उद्या हा माणूस सीताबर्डीच्या मेन रोडवर चहा पीत उभा राहिला तर किती जण ओळखतील?

आधीचे दोन करंडक, २०१७-१८ आणि २०१८-१९, चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली आले. ५ कसोटी, ३६ वनडे. किरण मोरे असताना यष्टीमागे जागा मिळायची मारामार, म्हणून कधी नुसते फलंदाज म्हणून खेळले. त्याच संघाचे बोलिंग कोच सुब्रतो बॅनर्जी. त्यांची कसोटी एकच, जानेवारी १९९२, सिडनी. तीन बळी घेतले आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. (शेन वॉर्नचीही ती पहिलीच कसोटी. वॉर्नचं नाव पुढे येईलच, कोचचा विषय निघाला की येतंच.) भारताकडून खेळलेल्या आपल्या फास्ट बोलर उमेश यादवला विचारा, बॅनर्जी कोण ते.

मोठं नाव आणि चांगला कोच यांचा संबंध आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तो दाखवून द्यावा.

जामठ्याचं ऊन

भाऊ, तुमी वसीम जाफरले साफ विसरून राहिले काय? ३१ कसोट्या खेळलेला माणूस चाळिशीत येऊन २०१८-१९च्या मोसमात १०३७ धावा काढते, नेटमध्ये पोरं त्याच्या पायाकडे पाहून पाहून शिकते, आन श्रेय सारं पंडित साहेबांले! वा रे वा. आपल्या कॅप्टन फैज फझलनं आदल्या मोसमात ९१२ केले होते, ते बी कोचनंच केले असन.

आन एक सांगा. २०१९-२०ले बी पंडित साहेबच होते ना बाप्पा? तेच मैदान, तेच पोरं. बाद फेरीत बी नाई गेलो आपण. मग काऊन? कोच तर तोच होता.

खरी गोष्ट अशी हाय की व्हीसीएनं, म्हंजे विदर्भ क्रिकेट संघटनेनं, निवासी अकादमी काढली, गावागावातून पोरं उचलले, त्यायले खाऊपिऊ घातलं, खेळवलं. त्याचं पीक आलं. पीक कापायच्या वेळी जो शेतात उभा असते, फोटो त्याचाच निघते.

धरमपेठी गुगली

ऊनभाऊ, अकादमीचं मान्य. पण मग मध्य प्रदेशाचं काय करता? पंडित इथून तिकडे गेले. ज्या मध्य प्रदेशाने रणजी कधी जिंकली नव्हती (होळकरांचा संघ जिंकायचा, ती वेगळी गोष्ट) त्यांनी जून २०२२च्या फायनलमध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामीवर मुंबईला हरवलं. तिथे ना आपली अकादमी होती, ना जाफर. आणि याच मैदानावर १९९८-९९ची फायनल पंडित स्वतः मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून कर्नाटकाकडून हरले होते.

दादरहून बदलीवर

मुंबईचा माणूस आहे, नागपुरात बदलीवर, तेव्हा मार खायची तयारी ठेवून लिहितो.

सचिनच्या आचरेकर सरांचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? प्रथम श्रेणीचा (रणजीच्या दर्जाचा, अनेक दिवसांचा) एकच सामना त्यांच्या नावावर, स्टेट बँकेकडून, मोईनुद्दौला करंडकात. पुढचं सगळं शिवाजी पार्कला माहीत आहे. मार्च २०२४मध्ये वानखेडेवर तुमच्या विदर्भाला १६९ धावांनी हरवून आम्ही रणजी जिंकलो, तेव्हा कोच होता ओंकार साळवी. त्याचा मोठा खेळ म्हणजे रेल्वेकडून एक लिस्ट-ए, म्हणजे मर्यादित षटकांचा सामना. एक! पुढे आरसीबीने (बेंगळुरूच्या आयपीएल संघाने) बोलिंग कोच म्हणून नेलं आणि २०२५ला त्यांनाही आयपीएल मिळाली.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. या यादीत कुणी अमोल मुझुमदारला बसवू नका. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत महिला संघ दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वविजेता झाला, तेव्हापासून ‘न खेळलेला कोच’ म्हणून जो तो त्याचं उदाहरण देतोय. अहो, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा आहेत त्याच्या! पदार्पणात २६०. टोपी मिळाली नाही, कारण त्या काळात मधल्या फळीत जागाच नव्हती. त्याला बेताचा खेळाडू म्हणणं म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणं.

लेग बिफोर

सगळ्यांनी जिंकलेल्यांची यादी लावली आहे. मोजके सामने खेळून कोच झालेले आणि काहीच न जमलेले हजारो आहेत, त्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत म्हणून ती यादीत नाहीत. अशाने काहीही सिद्ध करता येतं. मीही करू शकतो. गॅरी कर्स्टन, १०१ कसोटी, २०११चा विश्वचषक. राहुल द्रविड, २०२४चा टी-२० विश्वचषक. अँडी फ्लॉवर, झिम्बाब्वेचा सर्वोत्तम फलंदाज, आणि तुमच्या साळवींच्या त्याच आरसीबीचा हेड कोच. झालं सिद्ध?

माझा मुद्दा वेगळा आहे. कोचचं निम्मं काम ड्रेसिंग रूममध्ये आपला शब्द चालवून घेणं. ज्याने शंभर कसोट्या खेळल्यात त्याला तो हक्क दारातून आत येतानाच मिळतो. ज्याने सात प्रथम श्रेणी सामने खेळलेत त्याला तो कमवावा लागतो, आणि दरम्यान संघातला सगळ्यात मोठा खेळाडू त्याची टिंगल करत असतो. मी ऑस्ट्रेलियाचा कोच जॉन ब्युकॅनन आणि वॉर्नबद्दल बोलतोय, हे सांगायला नकोच.

केकेआरचं, कोलकात्याच्या आयपीएल संघाचं घ्या. २०२४ला आयपीएल जिंकली. हेड कोच पंडित, मेंटॉर गौतम गंभीर. लोकांनी कुणाला डोक्यावर घेतलं? काही आठवड्यांत गंभीर भारताचा कोच झाला. वर्षभराने पंडित केकेआरमधून बाहेर. तुम्हाला आवडो न आवडो, नावाला किंमत आहे आणि ती खेळाडू, मालक, बोर्ड सगळे मोजतात.

धरमपेठी गुगली

नावाला बाजारात किंमत आहे, हे तर मीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. प्रश्न शिकवण्याचा आहे. ब्युकॅनन घ्याच तुम्ही. वॉर्न आयुष्यभर चिडवत राहिला आणि ऑस्ट्रेलिया २००३ आणि २००७चे विश्वचषक जिंकून मोकळी झाली.

जामठ्याचं ऊन

त्या टीमले कोच नसता तरी जिंकले असते. मॅग्रा, गिलख्रिस्ट, पाँटिंग. आमच्या मोहल्ल्यातला पानठेलेवाला उभा केला असता तरी.

धरमपेठी गुगली

बरं. मग २००७ला आपल्या संघात कोण होतं? सचिन, द्रविड, सेहवाग, गांगुली, झहीर, कुंबळे. कोच ग्रेग चॅपल, ऑस्ट्रेलियाच्या सार्वकालिक फलंदाजांतला एक. पहिल्या फेरीतच घरी आलो. चांगला संघ असला की कुणीही कोच चालतो, हे तुमचं तत्त्व तिथे का नाही चाललं?

जामठ्याचं ऊन

चॅपलचं नाव काढू नका, जेवण जात नाई.

नंदनवनची आई

तुम्ही सगळे रणजी आणि वर्ल्डकपवर बोलताय. मूळ पोस्ट सोळा वर्षांखालच्या मुलांची आहे, तिकडे येऊ का?

माझा मुलगा डावखुरा फिरकी टाकतो. आधी आम्ही एका मोठ्या नावाच्या अकादमीत घातलं होतं. नाव सांगत नाही. फी भरपूर. ज्यांचं नाव बोर्डावर, ते साहेब उद्घाटनाला आणि फोटोच्या दिवशी आले. बाकी दिवस जे शिकवायचे त्यांना माझ्या मुलाचं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं, ‘ए लेफ्टी’ म्हणायचे.

मग घराजवळच्या मैदानावर घातलं. इथले सर किती खेळले, मी कधी विचारलं नाही. मुलाचा चेंडू सारखा लेगला जायचा. आधीच्या ठिकाणी ‘मनगट बघ, मनगट बघ’ एवढंच सांगत होते. या सरांनी हाताकडे बघितलंच नाही. क्रीजमध्ये उकिडवे बसले आणि त्याचा पुढचा पाय कुठे पडतो ते पाहत राहिले. मग चुन्याने बोटभर रेघ मारली, जिथे पाय पडत होता त्याच्या जरा बाजूला, आणि म्हणाले, ‘चेंडू कुठे जातो ते बघू नको, पाय रेघेवर पडला का ते मला सांग.’ तो पाय आडवा टाकायचा, त्यामुळे कंबर अडायची आणि हात वळसा घेऊन यायचा. संध्याकाळभर तेच. फलंदाजसुद्धा नव्हता समोर. मुलगा कंटाळला, रडवेला झाला, मला राग आला. पण चेंडू लाईनवर यायला लागला तो तिथून.

लेग बिफोर, तुमचा ‘शब्द चालणं’ वगैरे मोठ्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये असेल. तेरा वर्षांचा मुलगा मेजवरचा कप बघून ऐकत नाही हो. सर रोज येतात का, उन्हात उभे राहतात का, एवढंच तो बघतो.

लेग बिफोर

ताई, रेघेचं पटलं. मुलांच्या पातळीवर मी तुमच्याशी भांडणार नाही. पण धरमपेठींनी विधान सरसकट केलंय, ‘कागद बाजूला ठेवा’. रणजी संघासाठीही ठेवणार का? चार दिवसांच्या सामन्यात तिसऱ्या दुपारी खेळपट्टी कशी वागते, थकलेला बोलर कधी खोटं बोलतो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. घनी, पंडित दोघेही प्रथम श्रेणी खेळले आहेत. म्हणजे कागद तिथेही लागतोच, फक्त तो किती जाड हवा एवढाच वाद.

दादरहून बदलीवर

माईक हेसन. एकही प्रथम श्रेणी सामना नाही. न्यूझीलंडला २०१५च्या विश्वचषकाच्या फायनलपर्यंत नेलं. कागद शून्य पानी.

लेग बिफोर

फायनल हरले ते.

दादरहून बदलीवर

इंग्लंडला २०१९चा विश्वचषक जिंकून देणारे ट्रेव्हर बेलिस घ्या मग. न्यू साउथ वेल्सकडून खेळले, ऑस्ट्रेलियाकडून कधीच नाही. त्याआधी केकेआरला दोन आयपीएल. आता ‘सुपर ओव्हर टाय झाली होती’ म्हणू नका.

लेग बिफोर

म्हणणारच होतो. पण बेलिससुद्धा प्रथम श्रेणी खेळलेच ना? माझंच उदाहरण दिलंत.

जामठ्याचं ऊन

ताईचं रेघवालं मले बी पटलं. पण धरमपेठी भाऊ, एक हिशेबाची गोष्ट. क्लबाले पैसा कुठून येते? पालकांकडून. पालक नाव पाहून येते. नाव नसन तर पोरं बाजूच्या क्लबात जाईन, तुमचा रेघवाला कोच रिकाम्या मैदानात चुना टाकत बसन. त्याचा पगार कोन देईन?

धरमपेठी गुगली

हा एक मुद्दा खरा बोललात, आणि कमिटीतही हाच अडतोय. रविवारी बैठक आहे. मी असं सुचवतोय की दोघांनाही बोलवावं, आपलीच आठ-दहा पोरं द्यावीत आणि तासभर शिकवायला सांगावं. कुणाचा बायोडेटा वाचायचा नाही. एका बाजूला कमिटी, दुसऱ्या बाजूला पालक. त्यात एक पोरगं मुद्दाम असं ठेवणार, ज्याची बॅट बॅकलिफ्टला, म्हणजे मागे उचलताना, सरळ न जाता बाजूला गलीकडे जाते. कोणाच्या किती लवकर लक्षात येतं ते बघू. फीचं म्हणाल तर पहिले तीन महिने निम्मी ठेवू, पालकांना येऊन बघू दे.

नंदनवनच्या ताई, जमलं तर या. पाय कुठे बघायचा हे कमिटीतल्या दोघा-तिघांना सांगावं लागेल.

जामठ्याचं ऊन

येतो मी बी. पण पोस्टरवर फोटो कोनाचा टाकनार, ते आधी ठरवून या.