मातृवंदनेचे पैसे मुलगा-मुलगी पाहून का द्यायचे?

पाचपावलीकर (धागाकर्ती): प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, दुसऱ्या खेपेला मात्र मुलगी झाली तरच ६,००० रुपये एकरकमी मिळतात. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे, हा हेतू मला मान्य आहे. परंतु ही मदत मुळात बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई आणि आईचा आहार यांसाठी आहे, आणि गर्भलिंग आधी सांगणे तर गुन्हाच आहे. त्यामुळे दुसऱ्या खेपेच्या बाईला पैसे मिळणार की नाही हे ठरते, तोवर ज्या महिन्यांत तिला खायला हवे होते ते उलटून गेलेले असतात. नागपूरच्या कळमना बाजारात मिरची निवडणारीची मजुरी मुलगा होणार असला म्हणून कमी बुडत नाही. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ मधील किमान ६,००० रुपयांच्या तरतुदीत अपत्यक्रमाची अट नाही.

धरमपेठकर: कलम पूर्ण वाचावे. हा लाभ केंद्र सरकार आखेल त्या योजनांच्या अधीन राहून द्यायचा आहे, असे तेच कलम म्हणते. माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. हातात दिलेली रक्कम डाळ-अंड्यांवर खर्च झाली की थकलेल्या घरभाड्यावर, हे कोणी पाहत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सारे मोफत केले आहे. तरीही माझ्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या सुनेला शहरातील एका सरकारी रुग्णालयाने सोनोग्राफी बाहेरून करून आणायला सांगितले. डागा, मेयो आणि मेडिकल या इथल्या सरकारी रुग्णालयांवर शहराखेरीज भंडारा-गोंदिया आणि थेट बालाघाटपर्यंतच्या रुग्णांचा भार असतो. वाढीव पैसा तेथे, यंत्रे आणि परिचारिकांवर खर्च व्हावा.

इतवारीकर: दोनांपुढच्या अपत्याचा भार करदात्याने का उचलावा, हेही कोणीतरी विचारले पाहिजे.

पाचपावलीकर: तो भार आपण आजही उचलतोच. तिसऱ्या खेपेचे सिझेरियनही त्याच कार्यक्रमात मोफत होते, आणि ते योग्यच आहे. बाळंतपणाचा खर्च करायचा, पण ते सुखरूप व्हावे म्हणून आधीच्या महिन्यांत पोटात चार घास जास्त जावेत यासाठी द्यायचे नाही, हा कुठला हिशेब? विदर्भात तर रक्तक्षयाच्या जोडीला सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही आहे. घरभाड्याबद्दल म्हणाल, तर भाडे थकल्यामुळे आठव्या महिन्यातही कामावर जावे लागणारीला तेवढी विश्रांती मिळाली, तरी मजुरीच्या भरपाईचा हेतू साधला असे मी म्हणेन.

धरमपेठकर: विश्रांतीचा मुद्दा मान्य. तरीही दोन अपत्यांपर्यंतच, मुलगा-मुलगी न पाहता, आणि पहिला हप्ता पाचव्या महिन्याच्या आत, अशी रचना असेल तरच मी पाठिंबा देईन. तिसऱ्या खेपेपासून केवळ उपचार मोफत असावेत, रोख रक्कम नको.

पाचपावलीकर: मुलगा-मुलगी हा भेद काढायला तुम्ही तयार आहात, एवढ्यावर निवेदन देता येईल. तिसऱ्या खेपेबाबतचा माझा विरोध त्यात स्वतंत्रपणे नोंदवावा.