मदत हवी आहे : मिनेसोटातील पहिला हिवाळा, सशांनी सोललेले सफरचंदाचे झाड आणि बिघडलेले अंगण

नमस्कार. मिनियापोलिसच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आम्ही गेल्या जुलैमध्ये घर घेतले. त्याआधीची सहा वर्षे अपार्टमेंटमध्ये गेल्यामुळे बर्फ म्हणजे सकाळी गाडीच्या काचेवरून खरवडून काढायची वस्तू, एवढीच आमची त्याच्याशी ओळख होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अंगणातला शेवटचा ढीग वितळला. खाली जे दिसले, त्यातले आत्ता काय हाताळावे आणि काय तसेच सोडावे, हे ठरवण्यासाठी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

सर्वांत मोठी चिंता हनीक्रिस्प सफरचंदाच्या झाडाची आहे. ही जात मिनेसोटा विद्यापीठानेच विकसित करून 1991 मध्ये प्रसारित केली असल्याने इथली थंडी तिला सोसते, हे वाचून मी निर्धास्त होते. सशांचा विचार केला होता, पण अर्धवट. नोव्हेंबरमध्ये खोडाभोवती दोन फूट उंचीची बारीक जाळी बांधली आणि पुढे चार महिने स्नो-ब्लोअरने ड्राइव्हवेवरचा बर्फ नेमका त्याच कोपऱ्यात उडवत राहिले. जाळी बर्फात बुडाली आणि सशांना उभे राहायला ओटा मिळाला. आता जाळीच्या वर सुमारे दहा इंचांपर्यंत साल पूर्ण गेलेली आहे. मनगटाएवढ्या खोडावर पांढरे, गुळगुळीत लाकूड आणि त्यावर बारीक पटाशीने ओढावेत तसे दातांचे समांतर चरे दिसतात. उत्तरेच्या बाजूला तेवढी बोटभर रुंदीची सालीची एक पट्टी शिल्लक आहे.

माझे बाबा रत्नागिरीजवळ आयुष्यभर आंब्याची कलमे बांधत आले आहेत. व्हिडिओवर खोड पाहून त्यांनी हळहळण्याआधी एकच वाक्य उच्चारले, ‘साल सुटते का बघ.’ जखमेच्या वरची आणि खालची साल काड्यांनी जोडणारे पुलासारखे कलम बांधता येईल, असे त्यांचे मत आहे. इथे त्यालाच ब्रिज ग्राफ्टिंग म्हणतात. मात्र त्यासाठी डोळे (पानाफुलांचे अंकुर) न फुटलेल्या, झोपेतल्या काड्या लागतात आणि आमच्या झाडाचे डोळे तर फुगून रुपेरी दिसू लागले आहेत. म्हणजे वेळ निघून गेली का?

दुसरा प्रश्न हिरवळीचा आहे. तिच्यावर राखाडी, चिकटलेल्या गवताची ताटाएवढी वर्तुळे पडली आहेत, बर्फाखाली फिरणाऱ्या व्होल नावाच्या शेतउंदरासारख्या प्राण्यांनी नागमोडी चर पाडले आहेत आणि रस्त्याकडेचा दोन फुटांचा पट्टा मिठामुळे पेंढ्यासारखा पिवळा झाला आहे. हे सर्व बी पेरून भरून काढण्याचा विचार होता. परंतु हिरवळीची निगा ज्यांना दिली आहे त्यांनी मला न विचारताच मागील आठवड्यात क्रॅबग्रास नावाचे तण उगवू नये म्हणून औषध टाकले. त्यावर बी पेरले तर उगवेल का?

तिसरी गोष्ट, घराच्या ईशान्य कोपऱ्यात पन्हळीचा पाइप भिंतीलगतच रिकामा होतो, तिथे पाणी साचते आणि बेसमेंटच्या त्या भिंतीला ओल आली आहे. कुंपणाच्या आर्बरव्हायटी (सदाहरित झुडपे)सुद्धा नैर्ऋत्येकडून तपकिरी पडल्या आहेत. त्या काढून टाकाव्यात का?

प्रतिसाद (सुपिरिअर सरोवराकाठच्या डुलुथहून)

तुम्ही झाडापासून सुरुवात केलीत, पण मी पाण्यापासून करतो, कारण झाड मेले तर दुसरे लावता येते. आजच त्या पाइपला जोड देऊन पाणी भिंतीपासून निदान सहा फूट दूर सोडा. जमीन कोरडी झाल्यावर चिकणमातीचा भराव घालून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार मिळेल असे पाहा. भराव साइडिंगला, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या आवरणाला, टेकू देऊ नका. पाइप जमिनीखालून न्यायचा असेल तर खणण्यापूर्वी 811 वर फोन करून गॅसच्या नळ्या आणि विजेच्या तारा कुठे आहेत ते आखून घ्या. ही सेवा विनामूल्य असते.

हिरवळीची तुम्हाला वाटते तेवढी काळजी नको. राखाडी वर्तुळे ही बर्फाखालच्या बुरशीची असून ऊन आणि वारा लागला की ती थांबते. हलक्या हाताने दाताळे फिरवून चिकटलेली पाती मोकळी करा, बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. व्होलचे चर बहुतेक आपोआप भरतात. मिठाच्या पट्ट्यावर मात्र जमीन पाणी शोषू लागताच भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुऊन काढावे लागेल. बी आत्ता पेरू नका. अशी बहुतेक औषधे क्रॅबग्रास आणि तुमचे गवत यांच्या बियांत भेद करत नाहीत आणि त्यांचा अंमल काही महिने राहतो. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. इथे तोच हंगाम उत्तम असतो. रस्त्याकडेला केंटकी ब्लूग्रास या नेहमीच्या गवताऐवजी मीठ सोसणारे फेस्क्यू गवत घ्या. आर्बरव्हायटीला जूनपर्यंत हात लावू नका. गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नसताना ऊन लागल्याने पाने करपतात, पण आतले कोंब पुष्कळदा जिवंत असतात.

आता झाड. तुमच्या बाबांचा प्रश्न अचूक आहे. साल लाकडापासून सहज सुटू लागते ती फुलोऱ्याच्या सुमारास, म्हणजे तुमच्याकडे साधारण मेच्या मध्याला, त्यामुळे कलम बांधण्याची वेळ अजून यायची आहे. अडचण फक्त काड्यांची आहे. सुपिरिअर सरोवरामुळे आमच्याकडचा वसंत तुमच्यापेक्षा बराच मागे असतो आणि माझ्या झाडाचे डोळे अजून घट्ट मिटलेले आहेत. जात वेगळी असली तरी पुलाला चालते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या पाठवतो. ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. मात्र त्याच कप्प्यात सफरचंदे ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने डोळे मरतात.

ती बोटभर पट्टी उन्हाने सुकू देऊ नका आणि तिच्यावर रंग किंवा डांबर अजिबात फासू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. पाइपला जोड आजच दिला. बाबांना तुमचा निरोप वाचून दाखवला. काडीचा बुडखा खालीच राहिला पाहिजे आणि काडी जखमेपेक्षा थोडी लांब घेऊन कमानीसारखी बसवावी, म्हणजे वाऱ्यात खोड हलले तरी ती निसटणार नाही, असे त्यांनी दोनदा बजावले. कलम ते व्हिडिओवरून सांगतील आणि चाकू माझ्या हातात असेल. काड्या किती लागतील, हे मोजण्यासाठी खोडाचा घेर मापला, तो साडेसात इंच भरला. दोन इंचांवर एक याप्रमाणे चार काड्या पुरतील. तरी माझा पहिलाच हात असल्यामुळे आठ पाठवाव्यात, अशी विनंती.