टोयोटाचं एवढं नाव कशामुळं? जुनी इनोव्हा घ्यायची म्हणतोय, सविस्तर सांगा

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. घरात सध्या गाडीचा विषय चाललाय. वडलांचं एकच, घ्यायची तर इनोव्हा, जुनी असली तरी चालंल. आमचा गोतावळा मोठा, ज्योतिबा, नरसोबाची वाडी, गगनबावड्यावरनं कोकणात आत्याकडं, सारखं जाणं-येणं असतंय, तर सात-आठ माणसं बसणारी गाडी पाहिजे हे खरंच आहे. पण बाजारात फिरलो तर दहा वर्षं जुन्या, दोन लाख किलोमीटर पळालेल्या इनोव्हाला जी किंमत सांगतात त्यात दुसऱ्या कंपनीची बऱ्यापैकी नवी गाडी येते की. एजंटला विचारलं तर "टोयोटा हाय भावा, पाच लाख पळती, डोळं झाकून घे" एवढंच. डोळे झाकून एवढे पैसे घालायचे नाहीत मला, हे नाव कशावर उभं आहे ते समजून घ्यायचंय. जपानच्या बाकीच्या कंपन्या पण आहेतच, होंडा आहे, सुझुकी आहे, मग टिकाऊ म्हटलं की टोयोटाच का? कंपनीचा इतिहास काय, कामात खरंच फरक आहे का नुसती हवा? आणि टोयोटाची ग्लान्झा म्हणजे सुझुकीची बलेनोच, मग त्यात टोयोटाचं काय? ज्यांना माहिती आहे त्यांनी नीट लिहा, गडबड नाही.

मागवाला_इचलकरंजी:
भावा, सुरुवात गाडीपासनं करू नको, मागापासनं कर. टोयोटा ही मुळात आमच्या धंद्यातली कंपनी. साकिची टोयोडा, जन्म १८६७, सुताराचा पोरगा, आईला हातमागावर राबताना बघून माग सुधारायच्या नादाला लागला. १८९६ मध्ये त्यानं वाफेवर चालणारा माग केला, त्यात बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत तुटलं की माग आपोआप थांबायचा. पुढं १९२४ मध्ये 'टाइप जी' नावाचा माग आला तो तर फारच पुढचा, धोट्यातलं (आडवं सूत घेऊन ये-जा करतो तो धोटा) सूत संपत आलं की न थांबता धोटा बदलायचा, आणि ताण्यातला, म्हणजे उभा, एक धागा जरी तुटला तरी माग लगेच बंद.

हे किती मोठं आहे ते इचलकरंजीत कुणालाही विचार. आमच्या साध्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला आणि कामगाराचं लक्ष त्या वेळी दुसऱ्या मागावर असलं, की कापड तसंच विणत पुढं जातंय, मीटरच्या मीटर दोष पडतोय, आणि मग चेकिंगला व्यापारी भाव पाडतो, मजुरी पण जाते आणि सूत पण. ऑटो मागावर प्रत्येक धाग्यावर एक पातळ लोखंडी पट्टी अडकवलेली असते, ड्रॉप पिन म्हणतो आम्ही, धागा ताठ आहे तोवर ती वर राहते, तुटला की खाली पडते आणि माग थांबतो. हजारो धागे, प्रत्येकाला आपली पट्टी. त्यामुळं टोयोडाच्या कारखान्यात एका माणसाला तीस-तीस माग बघता यायला लागले, कारण त्याला मागाकडं डोळे लावून बसायला लागत नव्हतं, अडलं की माग स्वतःच थांबणार. इंग्लंडची प्लॅट ब्रदर्स म्हणजे त्या काळी मागांची बाप कंपनी, तिनं १९२९ मध्ये या मागाचे हक्क एक लाख पौंडाला घेतले.

साकिची १९३० मध्ये गेला. मुलगा किइचिरो याला गाड्यांचं वेड. १९३३ मध्ये त्यानं मागाच्याच कारखान्यात मोटारीचा विभाग काढला, १९३५ मध्ये ट्रक, १९३६ मध्ये एए नावाची पहिली विक्रीची कार, आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी.

आणि तू सुझुकीचं विचारलंस म्हणून, सुझुकी पण मागवालीच! मिचिओ सुझुकीनं १९०९ मध्ये हामामात्सूला मागाचा कारखाना काढला. साकिचीचं गाव कोसाई त्याला लागूनच. होंडाचा सोइचिरो पण हामामात्सूच्याच बाजूचा, आणि तो आधी टोयोटाला पिस्टन रिंगा पुरवायचा. एका टापूतनं तीन कंपन्या. मागाच्या गावातनं काय उभं राहू शकतं हे आमच्याकडच्या पोरांनी वाचायला पाहिजे, मनापासून सांगतोय.

शिरोली_फौंड्री:
वरच्या दादांनी मूळ बरोबर पकडलं. मी त्यात पुढचं जोडतो, कारण टोयोटाची गाडी न घेता पण टोयोटा आमच्या शॉपमध्ये रोज असते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कोल्हापूरच्या आसपासच्या कुठल्याही बऱ्या फौंड्रीत (धातू ओतून भाग बनवायचा कारखाना) जा, भिंतीवर फाइव्ह एसचा (जागा नीटनेटकी ठेवायचे पाच नियम) बोर्ड, कायझनचे (थोडी थोडी रोजची सुधारणा) फोटो, कस्टमरचा ऑडिटर आला की "फाइव्ह व्हाय लिहून द्या", म्हणजे पाचदा 'का' विचारून चुकीचं मूळ शोधा, हे सगळं तिकडनं आलंय.

आमच्या धंद्यातलं दुखणं सांगतो म्हणजे समजंल. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल, म्हणजे आत हवेची पोकळी, आहे हे बरेचदा वरनं दिसत नाही, मशीनिंगला गेल्यावर टूल लागलं की भोक उघडं पडतं. तोवर त्याच वाळूतनं, त्याच कोअरवर (आतली पोकळी घडवणारा साचा) शेकडो पीस ओतून झालेले असतात, फेटलिंग, म्हणजे घासून साफ करणं, होऊन गाडीत चढलेले असतात. म्हणजे चूक एक पण भंगार टनानं. टोयोटाच्या ताइची ओनो या माणसानं हाच प्रश्न सोडवला. तो पण आधी टोयोडाच्या कापड गिरणीतच होता, १९४३ मध्ये गाड्यांच्या कंपनीत आला, आणि धागा तुटला की माग थांबतो हे तत्त्व त्यानं माणसांच्या लाइनला लावलं. लाइनवर डोक्यावर दोरी असते, कुठल्याही कामगाराला काही वेडंवाकडं दिसलं की त्यानं दोरी ओढायची, दिवा लागतो, टीम लीडर पळत येतो, ठरलेल्या जागेपर्यंत गाडी पोचायच्या आत प्रश्न सुटला तर ठीक, नाहीतर लाइन बंद. साध्या कामगाराला लाइन थांबवायचा हक्क! आपल्याकडं भट्टी चालू असताना पोरिंगवाल्यानं, म्हणजे रस ओतणाऱ्यानं, "थांबा" म्हटलं तर काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे.

दुसरं म्हणजे लागंल तेवढंच आणि लागंल तेव्हाच बनवायचं. पुढच्या माणसानं माल उचलला की त्याचं कार्ड मागं येतं, ते आल्याशिवाय मागच्यानं बनवायचं नाही, तेच कानबान. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत, गिऱ्हाइकानं फळीवरचं उचललं की तेवढंच परत भरायचं, ती ओनोनं कारखान्यात आणली. साठा कमी असला की चूक लपत नाही, लगेच वर येते.

हे श्रीमंतीतनं आलेलं नाही हे पण लक्षात घ्या. महायुद्धानंतर कंपनी बुडायलाच आली होती. १९५० मध्ये कामगार कपात, मोठा संप, आणि किइचिरोनं स्वतः जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकन लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरींनी कंपनी तगली. किइचिरो १९५२ मध्ये वारला, पुढची भरभराट त्याला बघायला मिळाली नाही याचं मला फार वाईट वाटतं. त्याच १९५० मध्ये त्याचा चुलतभाऊ एइजी टोयोडा फोर्डचा कारखाना बघायला अमेरिकेला गेला. तिथल्यासारखं प्रचंड प्रमाणात बनवायला टोयोटाकडं ना पैसा ना तेवढं गिऱ्हाइक, म्हणून थोडक्यात, वाया न घालवता कसं बनवायचं यावर सगळं डोकं लावलं.

रंकाळाकाठ:
बाप रे, हे काहीच माहिती नव्हतं, दोघांचे मनापासून आभार. पण मग टोयोटाच्या गाडीत कधीच खोट निघाली नाही असं आहे का?

ताराबाई_पार्क:
तसं अजिबात नाही, आणि ही बाजू पण यायला पाहिजे. १९५७ मध्ये टोयोटानं क्राउन ही कार अमेरिकेत नेली, तिथल्या लांब हायवेवर इंजिनाचा दम निघाला आणि १९६० मध्ये त्यांनी ती पाठवायचीच बंद केली. १९६५ ला कोरोना घेऊन परत गेले तेव्हा जम बसला, १९६६ ला कोरोला आली आणि मग मागं बघितलं नाही. १९८९ ला लेक्सस हा महागड्या गाड्यांचा ब्रँड, १९९७ ला प्रियस ही पेट्रोल आणि बॅटरीवरची हायब्रिड.

पण मोठा डाग २००९-१० चा. ॲक्सिलरेटर अडकण्याच्या तक्रारी, फ्लोअर मॅट पेडलमध्ये गुंतणं, पेडल चिकटणं, जगभरात ८० लाखांहून जास्त गाड्या परत बोलवायला लागल्या, माणसं दगावली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये किइचिरोचा नातू अकिओ टोयोडा अमेरिकन संसदेच्या समितीपुढं बसला, माफी मागितली, आणि कंपनी फार वेगानं वाढली, माणसं तयार करायला तेवढा वेळ मिळाला नाही असं कबूल केलं. पुढं तपासात इलेक्ट्रॉनिक्सचा दोष सापडला नाही, पण लोकांपासून माहिती लपवली म्हणून २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरायला लागले.

आणि जानेवारी २०२४ चं तर इनोव्हावाल्यांनी वाचायलाच पाहिजे. टोयोटा इंडस्ट्रीज, म्हणजे साकिचीची तीच मूळ मागाची कंपनी, तिनं डिझेल इंजिनाच्या पॉवरच्या चाचणीत गडबड केल्याचं उघड झालं, चाचणीला वेगळ्या सॉफ्टवेअरचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, लावला होता. त्यात इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनरची इंजिनं होती, आपल्याकडं पण काही काळ गाड्या पाठवणं थांबवलं होतं. त्याच्या आधी हिनो आणि दाइहात्सू या त्यांच्याच कंपन्यांत चाचण्यांतली लबाडी निघाली. गाड्या रस्त्यावर बंद पडल्या असं नाही, पण ज्या घराचं नाव "चुकलं की थांबा" यावर उभं आहे तिथं हे व्हावं, हे मला आवडलेलं नाही. नाव मोठं म्हणून मी तरी सूट देणार नाही.

शिरोली_फौंड्री:
ताराबाई पार्क, तुमचं रास्त आहे. माझ्या मते दोन्ही खरं आहे. दोरी ओढायचा हक्क लाइनवरच्या माणसाला मिळाला, चाचणीच्या खोलीत तारखेच्या दबावाखाली बसलेल्याला तो मिळालेला दिसत नाही. आमच्याकडं पण रिपोर्ट रंगवण्याचा दबाव डिस्पॅचच्या दिवशीच येतोय.

ग्लान्झाचं राहिलं, ती सुझुकीच्याच कारखान्यात बनते, २०१९ पासनं. दोघांचा करार आहे, टोयोटाचा सुझुकीत जवळपास ५ टक्के हिस्सा पण आहे. त्यामुळं ग्लान्झा चांगली असंल, पण इनोव्हाची पुण्याई तिला लावू नका, तिथं तुम्ही वॉरंटी आणि सर्व्हिस घेताय.

मागवाला_इचलकरंजी:
एक आपल्या भागातलं राहिलं बघा. टोयोटाची इथली भागीदारी किर्लोस्करांशी. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर केला, त्यांच्याच चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर यांनी आधी टोयोटाबरोबर सूतगिरणीची यंत्रं बनवायला घेतली आणि मग १९९७ मध्ये गाड्यांची कंपनी, कारखाना बंगळूरजवळ बिडदीला. ते २०२२ मध्ये अचानक गेले. नांगरवाला आणि मागवाला एकत्र आले, मला तरी लई अभिमान वाटतो.

उद्यमनगर_गॅरेज:
इतिहास झकास झाला, आता गाडीवर येतो. आधी क्वालिस आली २००० मध्ये, दिसायला जुनाट पण टुरिस्टवाल्यांनी डोक्यावर घेतली, आणि खपत असतानाच बंद करून २००५ ला इनोव्हा आणली. जुन्या इनोव्हात २.५ लिटर डिझेल, इंजिन दणकट, खाली चॅसिस, मागच्या चाकांना ओढ, म्हणून माणसं-सामान भरून घाट चढायला कुरकुर नाही. पण लोक एक विसरतात, याला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा, तो दीड लाख किलोमीटरला बदलायचा म्हणजे बदलायचाच. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं, मग पाच लाख पळायचं विसरा. २०१६ नंतरच्या क्रिस्टाच्या २.४ ला चेन आहे, ती भानगड नाही.

बेल्टचं बिल दाखवा म्हणायचं. बिल नसंल तर बदललेला नाही असं धरून बेल्ट आणि तो ताठ ठेवणाऱ्या टेन्शनरचा खर्च किमतीतनं वजा करून बोलायचं. मीटरवर तर जाऊच नका, टुरिस्टच्या गाड्या पांढऱ्या पासिंगला आणून मीटर मागं घेतलेले सर्रास मिळतात, सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन शेवटच्या सर्व्हिसचं किलोमीटर बघायचं. कोकणात वापरलेली असंल तर गाडी रॅम्पवर चढवा, चॅसिसला गंज कुठवर गेलाय ते मागच्या चाकांच्या वर हात घालून बघा, वरनं मारलेल्या काळ्या रंगाला फसू नका. सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा, आधीच गरम करून ठेवली असंल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जावा. तुमच्या घाटाच्या रस्त्याला आणि माणसांना वडील म्हणतात ती गाडी बरोबर आहे, फक्त टुरिस्टची घेऊ नका, घरगुती वापरातली मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या. एखादी पसंत पडली तर आधी उद्यमनगरात आणा, खालनं बघून सांगतो, त्याचे पैसे नकोत.